नानांच्या दुखवट्याचा ठराव

आधी चहा संपवा, कारण हे ऐकताना घशाखाली उतरायचा नाही. नगरसेवक झाल्यावर पहिल्याच सभेत मी एका जिवंत माणसाला मारलं. तेही सर्वानुमते.

आमचं गाव साताऱ्याच्या शेवटाला, सांगलीच्या तोंडाशी. नगरपालिका ब्रिटिशांच्या वेळची. दिवाबत्ती, पाणी, जन्माची नोंद, मरणाची नोंद, सगळं तिच्याच दारात. मध्ये काही वर्षं निवडणूकच झाली नाही, कारभार प्रशासकाकडं आणि वरचं सभागृह कुलपात. आम्ही निवडून आलो तेव्हा ते उघडलं. आत कोंदट वास आणि भिंतीवर ओळीनं माजी नगराध्यक्षांचे फोटो. सगळे मेलेले. आमच्याकडची रीतच तशी, माणूस गेल्याशिवाय त्याचा फोटो तिथं लागत नाही. तुम्ही कुठंही बसा, ते तुमच्याकडंच बघत असतात.

माझ्या वॉर्डात स्मशानभूमी. शेडचे पत्रे उडालेले. गेल्या पावसात माझ्या चुलत्यांची चिता पेटता पेटेना, आम्ही भावंडं वर छत्र्या धरून रडत उभे. तेव्हाच ठरवलं, काही होवो, शेड करायची. पण मंजुरीला मतं लागतात, आणि निम्मे सदस्य माजी नगराध्यक्ष नानांच्या शब्दातले. नाना फार थकलेत, अंथरुणाला खिळलेत, असं ऐकून होतो.

सभेच्या दिवशी भर दुपारी वीज गेली. गंजलेल्या खिडक्या उघडेनात. नगराध्यक्ष कुणाला तरी आणायला गेलेले, म्हणून उपाध्यक्ष खुर्चीत. त्या अंधुक उजेडात मी भिंतीकडं बघितलं. ओळीच्या शेवटी नवा फोटो. नाना. वर झेंडूचा ताजा हार.

नाना गेले, आणि मला पत्ता नाही? वाईट वाटलं हो, खरंच वाटलं. पण राजकारण्याचं मन ते! लगेच डोक्यात आलं, दुखवटा आपण मांडला तर नानांची माणसं शेडला हात वर करतील. उठलो आणि ठराव मांडला.

कुणालाच काही माहीत नव्हतं, पण तसं कबूल कोण करणार? विरोधी गटातल्या एकानं डोळ्याला रुमाल लावून अनुमोदन दिलं. दुसऱ्यानं तर शेवटचं पाणी आपणच पाजल्याचं सांगितलं. ठराव मंजूर झाला. आम्ही माना खाली घालून, डोळे मिटून उभे राहिलो.

आणि जिन्यावर काठी वाजली.

ठक. मग पाय ओढल्याचा आवाज. पुन्हा ठक. नानांच्या काठीला खाली लोखंडी टोपण, तो आवाज अख्खं गाव ओळखायचं. शेजारच्यानं माझं मनगट गच्च धरलं. काठी दारात येऊन थांबली.

मी एक डोळा उघडला. पांढरं धोतर, पांढरी टोपी, अंगात रक्ताचा थेंब नसावा असा चेहरा. आम्ही उभे म्हणून तेही मान खाली घालून आमच्यात उभे! श्रद्धांजली संपेपर्यंत हलले नाहीत. मग हळूच विचारलं, "कोण गेलं रं?"

उपाध्यक्षांचं बोट आधी फोटोकडं गेलं, मग माझ्याकडं.

मागून धापा टाकत नगराध्यक्ष आले. उलगडा त्यांनी केला. मेल्यावर लावलेला फोटो मला कसा दिसायचा, जित्तेपणीच बघू द्या, असा नानांचा हट्ट. म्हणून गुपचूप लावलेला.

मी हात जोडले. "चुकलं नाना. ठराव रद्द करतो."

"मंजूर ठराव असा लगेच रद्द होत न्हाई. कायदा हाय," नाना फोटोवरची नजर न काढता म्हणाले. "तवर मी मेलेलाच. आता माझ्या सोयीचं बघा. त्या शेडचं काय केलंसा?"

मेलेल्या माणसाला विरोध कोण करणार? शेड एका दमात मंजूर. जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. बर्फासारखा गार.

शेड झाली. नाना ठणठणीत आहेत, पत्रे काठीनं वाजवून बघून आले. माझं मात्र कायमचं झालं. मी बोलायला उठलो, की सभागृहातले वयस्कर सदस्य आधी हात वर करून "हजर" म्हणतात.