मनटोरा दीदीची मोजणी

कोसमडीहमध्ये मनटोरा दीदीला विचारल्याशिवाय कुणी जन्मतसुद्धा नाही, असं लोक थट्टेनं म्हणायचे. ती गावची मितानिन, म्हणजे आरोग्यसेविका. लस, गोळ्या, बाळंतपण, सगळं तिच्याकडे. मी तिथल्या शाळेवर एकवीस वर्षं मास्तर होतो, म्हणून हे सगळं डोळ्यांदेखतचं.

धमतरीकडच्या त्या जंगलपट्टीत आमच्या गावापासून पक्की सडक चार किलोमीटरवर, आणि मध्ये नाला. आषाढात गावातल्या सुकवारोला बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या. चौघांनी तिला खाटेवरून नेलं, पण नाल्याच्या मध्यावरच वेळ आली. दीदीनं खाट एका खडकावर टेकवायला लावली. दोन्ही बाजूंनी पाणी वाहत असताना मुलगी झाली. मायलेकी वाचल्या. दुसऱ्या सकाळी दीदी शाळेत आली.

"गुरुजी, अर्ज लिहा. आता सडक पाहिजे."

अर्ज घेऊन आम्ही दोघं ब्लॉकच्या कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांनी कागद चाळले.

"तुमची लोकसंख्या चारशे बारा. पाचशेच्या आतल्या गावाला योजनेत सडक बसत नाही."

"चारशे बारा? आणि डोंगराकडचा वरचा पारा?" दीदीनं पिशवीतून आपली वही काढली. "तिथली बाळंतपणं मीच केलीत. ही बघा नावं."

पारा म्हणजे वस्ती; त्या वरच्या वस्तीतली घरं कागदावर शेजारच्या गावात गेली होती.

"वहीवर कसं चालेल, बाई? मोजावं लागेल."

"मग या मोजायला."

"गाडी येते का तिथवर?"

"गाडी येत असती तर मी इथं कशाला आले असते, साहेब?"

साहेबांना हसू आलं. त्यांनी तारीख दिली. ती नेमकी तीजाच्या दुसऱ्या दिवसाची निघाली. त्या सणाला गावच्या सगळ्या लेकी पोराबाळांसकट माहेरी आलेल्या असतात. दीदीचा दीर भुखन आनंदानं नाचायचाच बाकी होता.

"भौजी, देवानंच तारीख काढली! आता सातशेच्या वर जाऊ."

"लेकी सासरी मोजायच्या. त्यांच्या गावाला सडक नको का?"

"आणि कमी पडलो तर?"

"तर कमी पडलो. आणि तू दोन-दोन घरांत उभा राहू नकोस, टकलावरून ओळखतील तुला."

मोजणीला पटवारी आणि एक कारकून आले ते बूट हातात घेऊन, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. दीदीनं लेकींना शाळेच्या ओट्यावर बसवलं, पुढ्यात सणाच्या फराळाची, ठेठरी-खुर्मीची टोपली ठेवली आणि बजावलं, "उठायचं नाही." मग ती दोघांना घेऊन घरोघर फिरली. वरच्या पाऱ्यात म्हातारा बैसाखू दाराआड जाऊन बसला.

"मला कशाला मोजता? मी आज आहे, उद्या नाही."

"आज आहेस ना, बबा? मग आजच्यात धरू. ये बाहेर."

तो काठी टेकत बाहेर आला आणि आपलं नाव दोनदा नीट सांगून गेला.

दिवस कलताना कारकुनानं बेरीज केली. पाचशे एकोणीस. त्यानं ओट्यावरच्या गर्दीकडे बोट दाखवलं.

"आणि या?"

"पाहुण्या," दीदी म्हणाली. "लिहू नका."

पटवाऱ्यानं कागद गुंडाळले. मग म्हणाला, "इतकं खरं मोजणारं गाव पहिल्यांदा पाहिलं."

वरचा पारा कागदावर आमच्यात यायला एक वर्ष गेलं, सडक आणि नाल्यावरचा पूल व्हायला आणखी दोन. दीदीनं कचेरीचे किती हेलपाटे घातले, ते तिलाच ठाऊक. आता सकाळी साडेआठला मिनीबस येते आणि तीस माणसं भरून जाते.

गंमत अशी, की दीदीला गाडी लागते. तिला ते सडक झाल्यावरच कळलं. तरी कुणाला बाळंतपणाला न्यायचं असलं की ती शेजारी बसतेच, पदर तोंडाशी धरून, चेहरा पांढराफटक.

"थांबवू का, दीदी?" ड्रायव्हर विचारतो.

"मला काय झालंय?" ती म्हणते. "तू चालव."