नुसत्या भातासाठी कारापूरला

ताटभर भातासाठी पुण्याहून गोव्याला जाणारा शहाणा मी एकटाच असेन. पण आई गेल्यापासून अण्णांचं जेवण तुटलं होतं. दोन घास खाऊन ताट सरकवायचे आणि पुटपुटायचे, "कॉलेजच्या कँटीनमधलं ते नुस्तं-भात..." तरुणपणी ते मामाकडे राहून कारापूरजवळच्या कॉलेजात शिकले. त्यांना नुसता भात आवडतो म्हणून आईनं जन्मभर तसाच वाढला, वर तूपसुद्धा नाही. त्यांच्या साधेपणाचं आमच्यात केवढं कौतुक! तो तांदूळ कुठला ते विचारायचं आणि दहा किलो घेऊन परतायचं, एवढाच माझा बेत होता.

गोवा आला म्हणून घाईनं धारगळला उतरलो, आणि म्हापशाला जाणारी माझीच बस माझ्यासमोरून निघून गेली. हायवेवरच्या गाड्यावर भाजी-उंडो (कडक पाव) खाल्ला. मग दोन बस बदलून, हाडं खिळखिळी करून घेत कारापूर गाठलं.

कॉलेजची जुनी इमारत जांभ्या दगडाची, कँटीनच्या पायऱ्या मधोमध झिजलेल्या. स्वयंपाकी बाबलकाका सत्तरी ओलांडलेले, पहिल्या बॅचपासून त्याच चुलीपाशी. त्यांनी मला न्याहाळून विचारलं, "शिवराक तुमी?"

"नाही हो, मी जोशी," मी म्हटलं, आणि अण्णांच्याच शब्दांत नुस्तं-भात मागितलं.

ताट आलं. उकड्या भाताचा ढीग, केशरी रस्सा आणि त्यातून माझ्याकडे बघणारा अख्खा बांगडा. मी ताडकन उठलो. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही, हे चिडूनच सांगितलं. बाबलकाकांच्या हातचं ताट आजवर कुणी परत केलं नसावं. त्यांचा चेहरा उतरला.

"शिवराक (शाकाहारी) काय म्हूण विचारलें न्हय? नुस्तें मागलें, नुस्तें दिलें. नुस्तें म्हळ्यार मासळी."

मी मटकन खाली बसलो. अण्णांचं नाव सांगितलं, तसे ते डोळे पुसेपर्यंत हसले. "तो जोशी? बांगड्याची तकली (डोकं) कोणाक दीनासलो (देत नसे)!"

निघताना त्यांनी सुक्या सुंगटांची (कोळंबीची) पुडी दिली आणि किस्मूर, म्हणजे सुंगटांची कोशिंबीर, कशी करायची ते माझ्याकडून दोनदा घोकवून घेतलं. परतीच्या बसमध्ये शेजारच्या बाईंनी नाकाला पदर लावला. मीही इकडेतिकडे बघत नाक धरलं.

घरी गॅलरीत स्टोव्ह पेटवून ती किस्मूर केली. अण्णांनी ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. इतकी वर्षं बोलला का नाहीत, म्हणून मी जवळजवळ भांडलोच.

"लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात बोललो होतो," ते म्हणाले. "तिनं इतक्या हौसेनं नुसता भात वाढला, की पुढे तोंडच उघडलं नाही."

मला भरून आलं. अण्णांनी मात्र पाट फिरवून आईच्या फोटोकडे पाठ केली आणि ती गेल्यापासून पहिल्यांदाच पुन्हा भात मागितला.