लँग्विश, आणि बाजेची दोरी

माझा थोरला भाऊ सोनपेठच्या शाळेत इंग्रजी शिकवायचा. पोटातली गाठ औषधाला दाद देईना, तेव्हा परभणीच्या डॉक्टरांनी त्याला घरी न्यायला सांगितलं. गाडीत बसण्याआधी वहिनींनी मला बाजूला घेतलं. "भावजी, त्यांच्यापुढं काई बोलू नका. खचून जातील." त्यांनी हैदराबादला दुसऱ्या डॉक्टरकडे जायचंही ठरवून टाकलं होतं. दादाला वाटे, तिथं गेलं की बरं वाटेल.

मी कॉलेजच्या ग्रंथालयातून रजा काढली आणि त्याच्याजवळ राहिलो. त्याला पलंग नको होता, वडिलांची सुतळीची बाज हवी होती. तिच्या पायथ्याला ओढायची वेगळी दोरी असते. माणसाच्या भारानं ती सैल पडते आणि मधे झोळ येतो. मग दादाला खुर्चीवर बसवायचं, बाजेच्या लाकडाला पाय लावायचा आणि दोरी ओढायची. तो तिथूनच चिडवायचा, "पुस्तकं उचलणारे हात हायत तुझे. जरा जोर लाव की."

भेटायला येणारे एकच सांगत. "सर, लय सुधारलात. चेहऱ्यावर तेज आलंय." ते गेले की दादा म्हणे, "अजून दोन पाव्हणे आले तर मी कबड्डीला जातो बघ."

एका दुपारी त्यानं विचारलं, "इंग्रजीतला लँग्विश हा शब्द कुठनं आलाय रे?"

शब्दांची मुळं सांगणारा जाड कोश मी त्याच्यासाठीच आणला होता. त्यातून वाचून दाखवलं. हे क्रियापद फ्रेंचमधून आलं, त्यामागं लॅटिनचं लँग्वेरे, म्हणजे गळून जाणं. त्याच्याही मागं बहुतेक 'सैल' अशा अर्थाचा जुना धातू असावा, इंग्रजीतला स्लॅक त्याच घरचा.

"आपण पोरांना झुरणं म्हणून सांगतो," दादा म्हणाला.

मला ते पटेनासं झालं होतं. झुरायला कुणीतरी लागतं. सैल पडायला कुणी लागत नाही.

त्यानं हातानं बाजेची सुतळी चाचपली. मग म्हणाला, "बाजेची दोरी शेवटची कधी ओढलीस?"

मला आठवेना.

"ती आता सैलच पडत न्हाई. माझ्यात तेवढं वजन उरलं न्हाई. डॉक्टर काय म्हणले, सांग."

वहिनी दाराशी तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. मी त्यांच्याकडं पाहिलं, त्यांनी मान खाली घातली. मग मी सगळं सांगितलं. वाचल्यासारखं सांगितलं, दुसरं जमलं नसतं.

"मग हैदराबाद न्हाई," दादा म्हणाला. "एवढ्या लांब मला हलवू नका."

"तुमी बरं व्हावं म्हणून चाललं होतं वो," वहिनी म्हणाल्या.

"मालूम हाय मला. आज आंबट वरण कर."

त्यानं दोन चमचे खाल्लं. पुढच्या आठवड्यात, त्याच बाजेवर, तो गेला.

दादासाठी पुण्यानुमोदनाची बुद्धवंदना ठेवली, त्या दिवशी घर माणसांनी भरलं. जागा पुरेना म्हणून चौघे-पाच जण बाजेवर बसले. संध्याकाळी सगळे उठून गेले आणि पाहतो तर दोरी सैल पडलेली, मधे खोल झोळ.

"राहू द्या आता, भावजी," वहिनी म्हणाल्या.

मी लाकडाला पाय लावला आणि दोरी ओढली. कुणाला उठवून खुर्चीवर बसवायचं नव्हतं. काम लवकर झालं.