एलिंग ब्रेक्केची मळणी

एलिंग ब्रेक्के आमदार झाला तेव्हा त्याच्याकडे बरा कोट नव्हता. माझ्या नवऱ्याचा, सिवर्टचा, कोट घालून तो राजधानीला गेला. सिवर्ट आडवा नि एलिंग ताडमाड, त्यामुळे बाह्या मनगटापर्यंतही पोचत नव्हत्या.

गावानं त्याला निवडलं ते बोलका म्हणून नव्हे. बोलण्यात तो महाकंजूष. पण मिनेसोटाच्या या माळावर पहिला नांगर त्याचा. आम्ही नॉर्वेहून आलो तेव्हा तो आणि त्याची बायको गुनहिल्ड माळाची ढेकळं रचून बांधलेल्या घरात राहत होते, आणि आमचंही तसलंच घर त्यानंच उभं करून दिलं. आम्ही यायच्या आदल्या हिवाळ्यात तो जमिनीची नोंद करायला जिल्ह्याच्या कचेरीत गेला होता. तेव्हा रस्ता नव्हता; बर्फातून दोन दिवस जायला, दोन यायला, तेही पायी. परत आला तर पाळण्यातली पोर तापानं गेलेली. घरात गुनहिल्ड एकटी. त्याबद्दल तो कधी बोलला नाही, आम्हीही विषय काढला नाही.

ती कचेरी जिल्ह्याच्या पूर्व टोकाला होती. आमचं गाव मधोमध, म्हणून ती इकडे हलवावी ही गावाची जुनी हाव. ओसमुंद लोहारानं तर कचेरीत येणाऱ्यांसाठी खानावळ काढायची म्हणून जागाही धरून ठेवली होती. एलिंगला धाडलं ते एवढ्याच कामाला. पण त्याच हिवाळ्यात पश्चिमेकडच्यांनी विधानसभेत मागणी केली की जिल्हा तोडा, आम्हाला आमची वेगळी कचेरी द्या. जिल्हा तुटला की आमचं गाव कडेला पडणार, आणि कडेच्या गावात कचेरी कोण आणतंय! एलिंगनं जिल्हा तोडायच्या बाजूनं मत दिलं.

तो परतल्यावर रविवारी चर्चबाहेर ओसमुंदनं त्याला गाठलं.

"काय आमदारसाहेब, कुणाचं मीठ खाऊन आलात?"

"पश्चिमेच्या लोकांना दोन दिवस चालावं लागतं," एलिंग म्हणाला. "फार होतं ते."

"आणि आम्ही?"

"आपल्याला आता रस्ता आहे, एका दिवसात पोचतो. आपलं भागेल."

बस, एवढंच. आम्हा बायकांना त्या दोन दिवसांचा अर्थ तिथल्या तिथे कळला. पुरुषांच्या डोक्यात तो शिरला नाही, की शिरलेला त्यांनी झटकून टाकला, देव जाणे. गावानं त्याच्याशी बोलणं टाकलं.

मग मळणी आली. आमच्याकडे यंत्र एकच. माणसं सावडीनं एकमेकांच्या शेतावर जातात, आणि ज्याची मळणी त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. कुणी आलं नाही तर एलिंगचा गहू गंजीतच कुजणार होता. गुनहिल्डनं धसका घेतला होता, तरी तिनं डुक्कर कापलं, बटाट्याच्या पातळ पोळ्या, लेफ्से, लाटायला घेतल्या. मी मदतीला निघाले.

"जा, पण गप्पा मारत बसू नकोस," सिवर्ट म्हणाला.

"मग लेफ्से काय मुक्यानं लाटू?"

लोक आले. सावड मोडायची कुणाची छाती नव्हती. आज एलिंगची मोडली तर उद्या आपली. दुपारपर्यंत सगळे राबले, पण एलिंगशी चकार शब्द नाही. जेवायची वेळ झाली तरी घराकडे कुणी वळेना. सगळे गंजीच्या सावलीत बसले आणि त्यांनी आपापली शिदोरीची फडकी सोडली. सिवर्टच्या फडक्यात मीच भाजलेला पाव! मेल्यानं मला न सांगता उचलला होता.

मळणीला येऊन यजमानाचं अन्न नाकारायचं! इतका अपमान मी कुठं पाहिला नव्हता.

"राहू दे, गुनहिल्ड," एलिंग म्हणाला.

तिनं ऐकलं नाही. एप्रनला हात पुसत ती तडक लोहारापुढे जाऊन उभी राहिली.

"ओसमुंद, मत कुणी दिलं?"

"तुझ्या नवऱ्यानं."

"आणि स्वयंपाक कुणी केलाय?"

ओसमुंद हातातल्या पावाकडे बघू लागला.

"मतं देणं तुम्हा पुरुषांचं. मला तिथं कुणी विचारत नाही. मग माझ्या अन्नावर कसला राग काढताय? उठा. गार होतंय."

एक म्हातारा उठला, मग एकेक करून सगळे. मान खाली घालून जेवले, पण जेवले. एलिंग कॉफीची किटली घेऊन फिरू लागला. ओसमुंदनं आपल्या कपावर हात ठेवला.

"ओसमुंद," एलिंग म्हणाला, "उद्या पुन्हा विचारलं तरी मत तेच देईन. कॉफी घेतोस?"

सगळ्यांचे चमचे थांबले. ओसमुंदनं हात काढायला बराच वेळ लावला. पण काढला.

मला वाटलं, मिटलं. कसलं मिटतंय! पुढच्या निवडणुकीत एलिंगसमोर ओसमुंद उभा राहिला आणि गावानं एलिंगला सपशेल पाडलं. सिवर्ट शिट्टी वाजवत घरी आला.

"कुणाला दिलंस?" मी विचारलं.

"ओसमुंदला. जेवलो म्हणून काय झालं? जेवण वेगळं, मत वेगळं."

"मला मत असतं तर मी एलिंगला दिलं असतं."

"असतं तर!" तो म्हणाला, आणि टेबलावर हात आपटून हसत सुटला. मी त्याच्याबरोबर चांगला संसार केला, पण त्या हसण्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.