गुहेतल्या चुलीची राख

आमच्या आईने हजारो वर्षांपूर्वीची एक चूल एका सकाळी भांडी घासून संपवली. यात तिचा काडीचाही दोष नाही.

मध्य प्रदेश तेव्हा नवा नवा झाला होता आणि मी उत्खननात कच्चा मदतनीस होतो. विंध्यातल्या एका गुहेत आम्हाला आदिमानवाची चूल सापडली. दगडांच्या मधोमध राख, कोळसे आणि जळकी हाडं. चूल किती जुनी, ते या कोळशांवरून ठरणार होतं. आणि माझी नोकरी पक्की होणार की नाही, ते उत्खननाचे प्रमुख असलेल्या सरांवरून. सर म्हणाले, "तंबू गळतोय. हे सगळं डब्यात भरून तुम्ही इंदूरला घरी न्या. रविवारी मी येऊन घेतो. जीवापाड जपा."

बडा गणपतीजवळ आमचं घर. हाडं आणली म्हटलं असतं तर आईने मला डब्यासकट नळाखाली बसवलं असतं. म्हणून मी (केवढी ही हुशारी!) म्हणालो, "काही खास नाही गं, राख आहे."

रविवारी सर आले. पोहे खाताना म्हणाले, "काकू, पितळ काय लखलखतंय तुमचं."

"अहो, यानेच आणली ना राख," आई खूश होऊन म्हणाली. "एकदम बढिया. कंकर फार निघाले, ते चाळून टाकले. डबाही घासून ठेवलाय."

मी उठून डबा आणला. सरांनी रिकाम्या डब्यात डोकावून पाहिलं. मग हळूच म्हणाले, "कंकर कुठे टाकले?"

"नालीत. का हो? राखच पाहिजे ना? आमच्या चुलीतली देते की, भरपूर आहे."

सरांनी हात जोडले आणि ते चहा न घेताच उठले.

लोक या गोष्टीवर पोट धरून हसतात. मला मात्र अजून वाईट वाटतं. त्या गुहेत कुणी बाई पोरांसाठी काहीतरी भाजत बसली असेल. ती कधी होऊन गेली हे सांगणारं तेवढंच उरलं होतं, आणि ते आमच्या नालीतून वाहून गेलं.

नोकरी अर्थातच गेली. मी शाळेत मास्तर झालो. आदिमानवाचा धडा आला की एखादी मुलगी हमखास विचारते, "सर, त्या लोकांनी मागे काय ठेवलं?"

"बरंच ठेवलं होतं," मी सांगतो. "मी घरी नेलं."