दोऱ्याने बांधलेले टोमॅटो

दुकान कायमचं बंद केल्यावर आमच्या शिंपीबुवांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, परसातल्या भाज्यांचा ध्यास घेतला. फोनवर थोरल्या बहिणीला सांगायचे, "ताई, टोमॅटो नुसते लगडलेत!" कसले लगडलेत! उन्हाच्या तडाख्याने फुलंच गळून पडत होती. ह्यांनी वरून जुनी चादर ताणून बांधली, मुळाशी पालापाचोळा घातला, पण एक फळ धरेल तर शपथ!

आणि ताईचं यायचं ठरलं. तिनेच ह्यांना सुई धरायला शिकवलं होतं. ह्यांचं तोंड बघवेना, म्हणून देठासकट टोमॅटो बाजारातून मीच निवडून आणले. ह्यांनी ते हिरव्या दोऱ्याने फांद्यांना बांधले.

ताई आली ती थेट परसात. तिने एक टोमॅटो ओढला, तर फांदी वाकली, पण दोरा तुटेना. कोटाचं बटण लावावं तशी पक्की गाठ! ताईने चष्मा लावून ती पाहिली आणि टोमॅटो हळूच सोडून दिला. ह्यांची मान खाली गेली. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

ताई कुंपणाकडे वळली. तिथे भर उन्हात भेंडी हिरवीगार उभी होती.

"ही कोणी लावली रे?"

"मीच," हे पुटपुटले.

"मग हिच्याबद्दल कधी बोलला नाहीस?"

तिला भेंडी कापून द्यायला कात्री आणतो म्हणून हे आत गेले, ते लाजेपायी तिला निरोप द्यायलासुद्धा बाहेर आले नाहीत.