खेचराची आई

अमेरिकेत मॉरिसव्हिलला आले तेव्हा माझ्याकडे पशुवैद्यकाची पदवी होती आणि नोकरी करू न देणारा व्हिसा होता. नवरा ऑफिसला आणि मुलगी प्री-स्कूलला गेली, की मी आणि डिशवॉशर. शेवटी नवराच म्हणाला, "अगं, व्हॉलंटियर कर ना कुठेतरी. युनिव्हर्सिटीत विचारून बघ." ही दोन हजार चारची गोष्ट.

विचारलं, तर एका प्रोफेसरबाईंनी लगेच बोलावलं. साठी उलटलेल्या, उंच, हसल्या की खोकला आल्यासारखं वाटायचं. युरोपातल्या एका रोमन छावणीच्या उत्खननातली जनावरांची हाडं त्यांच्याकडे अभ्यासाला आली होती. त्यांनी एक खालचा जबडा माझ्यापुढे ठेवला. "कोण आहे हा?"

"घोडा," मी म्हणाले.

"नक्की?"

मी दाढा निरखल्या. घोड्याच्या दाढेवर एनॅमलच्या घड्यांमधली आतली खाच गोलसर असते, गाढवाची टोकदार. इथे काही दाढांत गोल, काहींत टोकदार. "मग... खेचर?"

"मलाही तसंच वाटतं," बाई म्हणाल्या, "पण वाटणं म्हणजे पुरावा नव्हे."

रोमन सैन्याचं ओझं खेचरांनीच वाहिलं, हे जुन्या लिखाणात भरपूर सापडतं. हाडांत मात्र खेचर सहज ओळखू येत नाही, घोड्यातच खपून जातं. शिवाय खेचराला पिल्लं होत नाहीत. म्हणजे प्रत्येक खेचरासाठी कुणीतरी घोडी आणि गाढव मुद्दाम एकत्र आणलेलं. बाई हे सांगायच्या तेव्हा त्या अनोळखी माणसांबद्दल त्यांच्या आवाजात माया असायची. आठवड्यातून दोन दिवस जायचं ठरलं होतं, मी चार दिवस जायला लागले.

मग सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या. मी काय करते ते ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "गावात विचारलं तर काय सांगू? सून अमेरिकेत मेलेल्या घोड्याचे दात घासते?" घरी आले की आधी आंघोळ, मगच स्वयंपाकघर, असा त्यांनी नियमच केला. बाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मला भेटायचंय त्यांना."

एका शनिवारी त्या आम्हाला ओळखीच्या एका शेतावर घेऊन गेल्या. तिथे अजून खेचरं पाळत. सासूबाईंना इंग्रजी येत नव्हतं, बाईंना मराठी. सासूबाईंनी पर्समधून गाजरं काढली. घरातून निघताना कधी घेतली होती कुणास ठाऊक! खेचराने माझ्या हातातलं गाजर नुसतं हुंगलं, त्यांच्या हातातलं मात्र खाल्लं. "आजी, इट लाइक्स यू!" मुलगी ओरडली. पलीकडे त्या खेचराची आई उभी होती, तपकिरी घोडी. सासूबाई तिच्या मानेवर बराच वेळ हात फिरवत राहिल्या. मग कुंपणाआडच्या गाढवाकडे बघून म्हणाल्या, "हे होय आमचे जावईबापू!" मी भाषांतर केलं, तर बाई कुंपण धरून खोकल्यासारख्या हसत सुटल्या.

जबड्यातल्या एका दाढेची थोडी पूड बाईंनी डीएनए तपासायला दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवली होती. दोन महिन्यांनी निकाल आला: घोडा. असं होऊ शकतं हे बाईंना ठाऊक होतं, मलाही. तरीही त्या दिवशी आम्ही लवकरच आवरलं.

घरी सासूबाईंनी माझा चेहरा बघितला. "काय झालं गं?"

"आई, इतक्या जुन्या हाडात जो डीएनए सहसा टिकतो ना, तो फक्त आईकडून आलेला असतो. बापाकडचा इतका तुटतो, की आमच्या दाढेत तो वाचताच आला नाही. खेचर असलं तरी निकाल घोडाच येणार."

त्या भाजी निवडत होत्या. "म्हणजे तिथे आईचंच नाव लागतं?"

"हो."

"बरं आहे की! मग तोंड पाडून काय बसलीस? आई तर सापडली ना? दोन हजार वर्षांनी सापडली म्हणजे काय कमी झालं?"

दुसऱ्या दिवशी मी हे बाईंना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मग त्या फळ्याजवळ गेल्या आणि लिहिलं: आई घोडी. बाप अजून ठाऊक नाही. ते कित्येक महिने कुणी पुसलं नाही.

दाढा आणि पायांच्या हाडांची मापं यांच्या आधारावर बाईंनी 'बहुधा खेचर' असा निष्कर्ष काढला. त्याहून पुढे जायला त्या तयार नव्हत्या. दाढेची उरलेली पूड त्यांनी फ्रीजरमध्ये ठेवली. "पुढे कुणाला तरी वाचता येईल," म्हणाल्या.

हाडं परत पाठवायची वेळ आली ती दोन हजार आठमध्ये. तोवर मला वर्क परमिट मिळालं होतं आणि मी जनावरांच्या एका दवाखान्यात लागले होते. सुट्टी काढून गेले. आम्ही दोघींनी एकेक हाड कागदात गुंडाळलं. तो जबडा खोक्यात ठेवताना बाई त्याला हलकेच म्हणाल्या, "जपून जा हं." आणि मग खोक्याला लावायला चिकटपट्टी माझ्या हातात दिली.